नाक इंदूबाईंचं, भट्टी माझी

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी मी विचारायचो, "दाणे घरी कशात ठेवणार?" लोक चमकायचे. कॉफी घ्यायला आलोय की मुलगी मागायला, असा चेहरा करायचे. साडीचा धंदा करणारे एक शेठ एकदा वैतागून म्हणाले, "भाई, हूं कॉफी लेवा आव्यो छुं, परीक्षा आपवा नहीं." मी म्हटलं, शेठ, कॉफी देतो, पण पंधरा दिवसांनी "तुमची कॉफी उतरली" असं सांगायला येऊ नका. ते पंधरा दिवसांनी आलेच. दाणे त्यांनी गॅसच्या वरच्या फळीवर, काचेच्या बरणीत, शोभेला ठेवले होते.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ अण्णांचं कॉफीचं दुकान आहे. तिथली भट्टी मी अठ्ठावीस वर्षं सांभाळली. अण्णा तामिळनाडूचे. कापडाच्या दलालीसाठी सुरतेत आले, इथे मनासारखी कॉफी मिळेना म्हणून त्यांनी आधी घरापुरती आणि मग गावापुरती भट्टी टाकली. मी अमळनेरकडचा. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते, मीही तिथेच रंगखात्यात लागलो होतो. रंगाची पावडर ओल लागली की वाया जाते, त्यामुळे डबा कोरडा ठेवायची आणि झाकण ताबडतोब लावायची सवय मला तिथे लागली. अण्णांनी मला घेतलं ते या सवयीमुळे आणि नाकामुळे. लांबून वास घेऊन भट्टीतला दाणा कुठवर आलाय ते मी सांगायचो. या नाकाचा मला फार गर्व होता, नाकाने कांदेच सोलायचो म्हणा ना.

ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कच्चा दाणा हिरवट असतो, तो कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो. भाजला की त्याचे दिवस मोजके. भाजलेला दाणा पहिले दोन-तीन दिवस आतली हवा सोडत राहतो, म्हणून लगेच घट्ट कोंडला तर पिशवी फुगते. त्यानंतर मात्र त्याला चार गोष्टींपासून जपायचं: हवा, ऊन, ओल आणि दुसऱ्याचा वास. अपारदर्शक, कोरडा, घट्ट झाकणाचा डबा हवा. तो चुलीपासून लांब, अंधाऱ्या फळीवर ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच दाणे घ्यायचे, आणि दळायचे ते पाणी उकळायला ठेवल्यावर. फ्रिज नको. सुरतेच्या दमट हवेत थंड डबा उघडला की दाण्यांना घाम फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या दाण्यांवर नवे ओतायचे नाहीत. डब्याच्या तळाला दाण्यांचं तेल बसतं, ते खवट होतं आणि नव्या दाण्यांना बिघडवतं. डबा रिकामा करायचा, धुवायचा, उन्हात पालथा घालायचा, मगच भरायचा.

माझ्या घरी याच नियमाने चालायचं. कॉफीचा स्टीलचा गोल डबा माझा, सकाळची कॉफी करायचं काम माझं. फक्त दर वेळी धुण्याऐवजी, रिकाम्या डब्यात नाक घालून मी ठरवायचो, धुवायला झालाय की नाही. माझ्या बायकोला, सुमनला, मी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "बाकी सगळं घर तुझं, पण या डब्याला हात लावायचा नाही." तिने तो शब्द पाळला.

चुका करणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी खूप हसलो. बँकेतल्या एका बाईंनी दाणे उदबत्तीच्या कपाटात ठेवले. त्यांच्या कपात चंदन उतरलं. घरी दळायचं यंत्र घेतलेल्या एका तरुण इंजिनिअरने दाणे फ्रिजमध्ये लसणाच्या चटणीशेजारी ठेवले आणि मला विचारलं, "काका, ही कोणत्या देशाची चव?" मी म्हटलं, जळगाव जिल्ह्याची. एवढं हसल्यावर माझ्यावर वेळ येणारच होती.

साथीच्या दिवसांत मला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, खोकलाही गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. आधी वाटलं, येईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा महिन्याभरात आला होता. माझा दोन महिन्यांनीही नाही. हिंग नाकाशी धरला, कापूर धरला, शेवटी स्वयंपाकघरातल्या गॅसची नळी काढून पाहायला निघालो, तेव्हा सुमनने हात धरला. कॉफी म्हणजे माझ्यापुरतं गरम कडू पाणी झालं.

हे फक्त तिला सांगितलं. अण्णांना सांगितलं नाही. भट्टीवाल्याला वास येत नाही म्हणजे तबलजीला ऐकू येत नाही. अण्णांनी मला काढलं नसतं, पण पिशव्या बांधायला बसवलं असतं. साठीच्या जवळ आलेल्या माणसाने, पंचवीस वर्षं जिथे उभा होता ती जागा सोडून स्टुलावर बसून दोरा बांधायचा, हे मला मरणासारखं वाटत होतं. मी दाण्याच्या तडतडण्यावर आणि रंगावर काम चालवू लागलो. बरं चाललं. निदान मला तसं वाटलं.

अशात एका मंगळवारी इंदूबाई दुकानात आल्या.

इंदूबाई गोडादऱ्याला राहतात. त्यांचे यजमान यंत्रमागावर कामाला होते, ते वारल्यावर बाईंनी स्वयंपाकाची कामं धरली. एका एकट्या राहणाऱ्या तामिळ मामींकडे त्या बारा वर्षं स्वयंपाक करत होत्या. मामी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. दोन महिने मुलाकडे जाताना त्यांनी इंदूबाईंच्या हातात किलोभर दाण्यांची पिशवी दिली आणि सांगितलं, "हे नीट ठेव." मामी दुसऱ्या दिवशी परत येणार होत्या आणि इंदूबाई पदराखाली पातेलं घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या.

"भाऊ, जराखं पाहा. दाना खराब व्हयी गया का? मामी मले काढी टाकतीन."

मी मूठभर दाणे हातात घेतले. काळेभोर, चकचकीत. जास्त भाजलेल्या दाण्याला तेल सुटतंच. दाबून पाहिले, कुरकुरीत होते. नाकाशी नेऊन, डोळे मिटून, पूर्वीसारखा ऐटीत वास घेतला आणि म्हणालो, "काही झालेलं नाही बाई. उत्तम आहेत. निर्धास्त जा."

इंदूबाई हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी याले दिवेल चोयेल शे."

आमच्याकडे वर्षाचा गहू भरताना त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल तेल, चोळतात. कीड लागत नाही. मामींनी सांगितलं नीट ठेव, आणि इंदूबाईंना नीट ठेवायची जी एक रीत माहीत होती ती त्यांनी मनापासून केली. किलोभर कॉफी गच्चीवर चादरीत दोन दिवस उन्हात घातली. मग दिवेल चोळलं. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात दाबून भरली. मामी येणार म्हणून पाला निवडून काढला, तेव्हा वास आला आणि त्या घाबरल्या.

"दिवेलना वास गल्लीना टोकले येस," त्या म्हणाल्या. "तुमले आत्तेबी येत नही. तुमले वासच येत नही का भाऊ?"

समोर, सकाळच्या भट्टीच्या वासात, अण्णा गल्ल्यावर बसले होते. त्यांना अहिराणी कळत नाही, हे त्या दिवशी माझं नशीब. इतके महिने दाबून ठेवलेलं एकदम डोळ्यांत आलं आणि मी मान हलवली. इंदूबाईंनी पातेल्यावर पदर ओढला. स्वतःची नोकरी जायच्या भीतीने आलेली ती बाई मलाच धीर देऊ लागली. "ऱ्हाऊ द्या. रडू नका. भट्टी कवय लावतस तुम्ही?"

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, मी सांगितलं.

मी माझ्या पगारातून त्यांना ताजे किलोभर दाणे दिले. मामींना काही सांगू नका म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मामी स्टेशनवरून घरी आल्या तसं त्यांनी गहू, ऊन, दिवेल, पाला सगळं सांगून टाकलं. मामी हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या म्हणे. मग म्हणाल्या, "बारा वर्षं तू माझं घर असंच ठेवलंस, कीड न लागता. मी तुला काढून कुठे जाऊ?" इंदूबाईंची नोकरी वाचली. माझी मात्र आता त्यांच्या हातात होती.

पुढच्या शुक्रवारपासून त्या येऊ लागल्या. मामींचा स्वयंपाक आटोपून, मामींचीच पाव किलो कॉफी न्यायच्या निमित्ताने. भट्टीच्या जाळीजवळ उभ्या राहायच्या. मी कान दाण्यांच्या तडतडीकडे लावायचो आणि त्या मला हलक्या आवाजात वास सांगायच्या. पहिल्या दिवशी त्यांना कॉफीतलं काहीही कळत नव्हतं. पण नाक असं की मी थक्क झालो. "आते हिरव्या चाऱ्याना वास येस." "आते भाकर शेकाले लागनी." "आते शेंगा भाजतस तसा." "आते गूळ." गुळावर त्या जरा थांबायच्या आणि मग एकदम, "काढा भाऊ, काढा, आते जयी जाई!" मी झडप उघडायचो. दाणे ताटात उतरायचे. रंग बघितला तर जसा हवा तसाच.

मी जे पंधरा वर्षांत शिकलो ते त्यांना पंधरा दिवसांत आलं, हे लिहिताना आजही थोडं झोंबतं. पण खरं तर त्यांचं शिक्षण कधीचंच झालं होतं. ज्या बाईने वर्षानुवर्षं कोठीचं झाकण उघडायच्या आत गव्हाला सोंडे लागलेत का हे ओळखलं, तुरीची डाळ कोणत्या पिंपात दमट झाली हे दारातून सांगितलं, तिला वासाबद्दल मी काय शिकवणार? मी फक्त कॉफीतली नावं सांगितली. तीसुद्धा त्यांनी घेतली नाहीत. गुळाला त्या गूळच म्हणत राहिल्या.

अण्णा बाहेर असले की वास तपासायला त्या गोदामातही फिरू लागल्या. एकदा एक पोतं बाजूला काढायला लावलं. "याना शेजारे काय ठेयेल व्हतं?" चौकशी केली तर आणणाऱ्या टेम्पोत साड्यांचे गठ्ठे होते, त्यात डांबराच्या गोळ्या. ते पोतं माझ्या हातून भट्टीत गेलं असतं आणि दहा-बारा घरांच्या कपांत गेलं असतं. गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर ओरडलो की परका वास जपा, आणि मला तो कळला नसता.

असे सात-आठ महिने गेले. अण्णा खूश होते. "पाटील, तुमचा हात अजून चढतोय," असं मोडक्या मराठीत म्हणायचे. मी गप्प बसून ती शाबासकी घ्यायचो. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग तो शुक्रवार आला. मामींना ताप होता म्हणून इंदूबाई आल्या नाहीत. एका तेलुगू कुटुंबातल्या लग्नाची मोठी मागणी होती. अण्णा म्हणाले, उद्या केली तरी चालेल. मी म्हटलं, आजच करतो. मला स्वतःला दाखवायचं होतं की मी अजून एकटा करू शकतो.

दाणा भाजताना त्याचं पातळ साल सुटतं, ते वाऱ्याने एका पेटीत जमतं. ती पेटी दर घाण्यानंतर रिकामी करायची असते. त्या दिवशी मी दाण्यांच्या आवाजात एवढा गुंतलो होतो की दोन घाण्यांचं साल तसंच राहिलं, आणि ते धुमसायला लागलं. कागद जळल्यासारखा वास आधी येतो, धूर नंतर दिसतो. पूर्वी मला तो वास भट्टीकडे पाठ असतानाही कळला असता. मी शांतपणे तडतड ऐकत उभा होतो आणि अण्णा गल्ल्यावरून ओरडत आले, "पाटील! आग!"

पाण्याच्या बादल्या ओतल्या, विझली. पेटी आणि एक घाणा वाया गेला, कोणाला इजा झाली नाही. मागच्या भिंतीला कच्च्या दाण्यांची पोती होती, तिकडे मी बघू शकत नव्हतो. अण्णा धापा टाकत म्हणाले, "एवढा वास! तुम्हाला कसा आला नाही?"

मी त्यांना सांगितलं. सगळं. ताप, हिंग, कापूर, दिवेल, इंदूबाई.

अण्णांनी ओल्या फरशीवरची रिकामी बादली उचलून बाजूला ठेवली. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सव्वीस वर्षं एका ताटात जेवलो. मला सांगावंसं वाटलं नाही?"

दुसऱ्या दिवशी इंदूबाई आल्या तेव्हा त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती अण्णांनी घेतली नव्हती. "मी नही ऱ्हायनु ते एक दिन भट्टी बंद ठेवता येत नव्हती का? दुकान जयी जातं ते? अण्णानी पोरंबाळं?" मग अण्णांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि विचारलं, मंगळवारी-शुक्रवारी पगारावर याल का? इंदूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "भाऊ भट्टीवर ऱ्हातीन ते येसू. नहीतर नही."

म्हणजे मी उभा राहिलो तो त्यांच्या शब्दावर. पुढचं दीड वर्ष आम्ही दोघांनी मिळून भाजलं, उघडपणे. हात माझा, नाक त्यांचं. गिऱ्हाइकांना दाणे कसे ठेवावेत ते आता त्याच सांगू लागल्या आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगू लागल्या. मी चार शत्रू सांगायचो, लोक विसरायचे. त्या सांगायच्या, "किलोभर नेशात ते चार डब्यांत भरा. एक उघडा, तीन झाकीसन ठेवा. लोणच्यानी मोठी बरणी कोनी रोज उघाडस का?" हे प्रत्येक बाईला लगेच कळायचं. आणि शेवटी हसून स्वतःच म्हणायच्या, "आनि दिवेल चोयू नका." गेल्या वर्षी मी काम सोडलं. भट्टी आता इंदूबाई चालवतात.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण यंदाची आखाजी सांगितल्याशिवाय मला तो संपवता येत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खान्देशी लोक जिथे असू तिथे सांजोऱ्या करतो. सुमनने इंदूबाईंना जेवायला बोलावलं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहाच देतात, कॉफी आम्हा दोघांपुरती. पण पाहुणी इंदूबाई म्हटल्यावर मी ऐटीत उठलो. गोल डबा काढला, दाणे दळले, कॉफी केली, तीन कप भरले.

इंदूबाईंनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. उठल्या, ओट्यावरचा डबा उचलला, झाकण काढून नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"भाऊ, हाऊ डबा कवय धुयेल शे?"

मी आठवू लागलो. डबा धुवायला झालाय हे मला नाक सांगायचं. नाक गेलं तेव्हापासून कोणी सांगितलंच नव्हतं. दर पंधरवड्याला मी दुकानातून दाणे आणत होतो, इंदूबाईंनी गुळावर उतरवलेले ताजे दाणे, आणि त्या जुन्या खवट तेलावर ओतत होतो. तीन वर्षं. अख्ख्या सुरतेला ज्ञान शिकवणारा मी.

हिला तरी कळलं असेल म्हणून इंदूबाई सुमनकडे वळल्या. "वहिनी, तुमले कयनं नही का?"

"कयनं," सुमन म्हणाली. तिने आपला कप अर्धा संपवला होता, रोजच्यासारखा. "पहिल्या महिन्यातच कयनं."

"मग बोलनात काब्र नही?"

सुमनने माझ्याकडे बघितलं नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "यासनं नाक गयं. नंतर भट्टीबी गयी. सकाये उठीसन एवढं एकच काम ते करतस ऐटमा. तेबी खराब शे असं मी कसं सांगू?"

मी डबा घेऊन मोरीवर गेलो. गरम पाणी, साबण, तीनदा धुतला. तळाला तपकिरी चिकट थर होता, तो नखाने खरवडावा लागला. मग गॅलरीतल्या उन्हात पालथा घातला आणि त्याच्याजवळच उभा राहिलो, कारण आत जाऊन तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. संध्याकाळी इंदूबाईंनी डब्याचा वास घेतला, मान हलवली, तेव्हा नवे दाणे भरले. डबा मी सुमनच्या हातात दिला. म्हटलं, वास घ्यायचं काम आता तुझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी केली. माझ्या जिभेला ती कालच्यासारखीच गरम आणि कडू लागली. सुमन खिडकीशी बसून प्यायली. कप रिकामा झाला तरी तो तिने खाली ठेवला नाही, माझ्यापुढे धरला.

"अजून अर्धा शे का?" तिने विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.